पायाखाली काय आहे ते पाहा

घरात पहिली गाडी येते तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिच्या रंगावर, सीटकव्हरवर आणि गाण्याच्या सिस्टीमवर असतात. पायाखालच्या मॅटचा विचार कोणी करीत नाही. दुकानदार देईल ती टाकून घ्यायची, अशीच रीत पडली आहे. परंतु पावसाळ्यात गाडी कोरडी राहणे, तिचा पत्रा टिकणे आणि चालवणाऱ्याचा पाय मोकळा राहणे, या तिन्ही गोष्टी त्या मॅटवर अवलंबून असतात. म्हणून हा साधा विषय वाचकांसमोर मांडत आहोत.

आम्ही दोघे भाऊ एकत्र राहतो. दोघांच्या पगारातून पैसे बाजूला टाकून आम्ही एक जुनी मारुती ईको घेतली. गाडी सात सीटची आहे. मुलांच्या परीक्षा, आईचा दवाखाना, नात्यातली लग्ने, कोकणातले गाव, सगळ्याला तीच एक गाडी. जून लागला की गावची तांबडी माती चपलांना चिकटून आत येते, छत्र्यांचे पाणी गळते आणि संध्याकाळपर्यंत गाडीला कुबट वास येऊ लागतो. जुन्या मालकाने टाकलेला गालिचा आम्ही उचलून पाहिला, तर खाली ओल होती आणि पत्र्यावर गंजाचे ठिपके पडलेले. वरून मात्र तो अगदी स्वच्छ दिसत होता.

बाजारात गेलो तेव्हा तीन प्रकारच्या मॅट आम्हाला दाखवल्या गेल्या. पहिली शेवयांसारख्या गुंतवळ्याची. तिला नूडल मॅट म्हणतात. ती धूळ आत ओढून घेते, त्यामुळे वर कचरा दिसत नाही, पण चिखल आत बसला की धुवून काढणे जिकिरीचे होते आणि वाळायलाही वेळ लागतो. दुसरी ‘सेव्हन डी’ नावाची, कातड्यासारखी दिसणारी, आत फोम असलेली आणि गाडीच्या तळाला चहूबाजूंनी झाकणारी. तिसरी साध्या जाड रबराची, उंच कडा आणि खोल खाचा असलेली. तिच्यात पाणी साचून राहते. मॅट उचलली, बाहेर ओतली, फडक्याने पुसली की काम झाले.

दुकानदार म्हणाला, “साहेब, फॅमिली गाडी आहे, सेव्हन डीच टाका. शोभा येईल.” शोभा येते हे खरे. पण आम्ही वाणिज्य शाखेचे. वस्तूची किंमत म्हणजे केवळ बिलावरचा आकडा नव्हे, हे आम्हाला शिकवलेले आहे. खाली मुरलेले पाणी जी मॅट झाकून ठेवते, ती पुढे पत्र्याचे काम काढते. शिवाय ईकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. मेकॅनिकला ते पाहायचे तर सीट उचलावी लागते. तिथे घट्ट बसवलेली मॅट असली, तर दरवेळी ती उपटून काढणे आले. म्हणून आम्ही साधी रबरी मॅट घेतली. पैसेही कमी लागले.

आता खरा मुद्दा बसवण्याचा. दुकानातल्या मुलाने घाईत जुन्या मॅटवरच नवी मॅट अंथरली आणि “झाले” म्हणून हात झटकले. आमचा धाकटा भाऊ गाडी चालवतो. इंजिन बंद असतानाच त्याने ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून पाहिला आणि म्हणाला, “दादा, हा वर येताना अडतोय.” खाली वाकून पाहिले, तर वरची मॅट पुढे सरकून तिची कड पॅडलला लागत होती. जुनी मॅट काढली, नवीची कड तेवढ्या भागात कापली, तेव्हा पॅडल मोकळे झाले. तीच गाडी रस्त्यावर, आत आई आणि मुले बसलेली असताना अडली असती, तर काय झाले असते, ते निराळे सांगायला नको.

ही भीती पोकळ नाही. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोजवळ लेक्सस गाडीला अपघात होऊन एकाच कुटुंबातील चौघे मरण पावले. त्या गाडीत दुसऱ्या मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती आणि ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला होता. पुढच्याच महिन्यात टोयोटा कंपनीने तिथल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाच्या बाजूची मॅट काढून ठेवण्यास सांगितले. मॅट चांगली होती, गाडीही महागडी होती. पण एकीची मॅट दुसरीला घातली, एवढ्यावरून चार जीव गेले.

म्हणून मॅट घेताना आपल्याच मॉडेलची आणि सालाची मागावी. तळाला आकडे असतील तर मॅटची भोके त्यांत नीट अडकवावीत. आकडे नसतील तर जड आणि पाठीमागून पकड असलेली मॅट घ्यावी. कापून बसवायची असेल तर आधी वर्तमानपत्राचा नमुना कापावा आणि मग थोडे थोडे कापत जावे. जास्त कापलेले पुन्हा जोडता येत नाही. ॲक्सिलरेटरभोवती दोन-तीन बोटांची जागा मोकळी सोडावी. तिन्ही पॅडल शेवटपर्यंत दाबून सोडून पाहावीत, सीट पुढे-मागे सरकवून पाहावी. सरकत्या दाराच्या खाचेत मॅटचे टोक जाऊ देऊ नये. पावसात गोणपाट टाकायची सवय असते. ते मागे टाका, चालकाच्या पायाखाली कधीही नको. तिथे काढून ठेवलेली चप्पल आणि घरंगळणारी पाण्याची बाटली हीदेखील तितकीच घातक आहे.

एवढे करूनही कधी पॅडल अडकलेच, तर घाबरून खाली वाकू नये. ब्रेक एकदाच जोराने दाबून धरावा, पुन्हा पुन्हा सोडून दाबू नये. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, गाडी कडेला घ्यावी आणि थांबल्यावरच इंजिन बंद करावे. धावत्या गाडीची चावी काढली तर स्टिअरिंग जाम होऊ शकते. आमच्या घरी जे जे गाडी चालवतात त्यांना आम्ही हे उभ्या गाडीत करून दाखवायला लावले.

शेवटचे धुण्याचे. साधा साबण आणि पाणी पुरे. चमक आणणारे पॉलिश रबराला लावू नये, पाय घसरतो. मॅट दोन्ही बाजूंनी वाळल्यावरच परत ठेवावी आणि ती बाहेर आहे तोवर खालचा पत्रा हात फिरवून पाहावा. आणखी एक गोष्ट. रविवारी या मॅट उचलून मोरीत टाकायच्या आणि घरातल्या बाईने त्या घासायच्या, हे बरे नव्हे. आमच्याकडे ज्याच्या पायाचा चिखल त्याने धुवायचा, असा नियम केला आहे. सुरुवातीला मुलांनी तोंडे वाकडी केली. आता ती गाडीत चढण्यापूर्वी चपला झटकतात. त्यांची आई म्हणते, “हे आधीच व्हायला हवे होते.”

बंधू-भगिनींनो, कष्टाच्या पैशाने घेतलेली गाडी सजवावी, त्यात गैर काही नाही. पण सजावटीआधी वाकून एकदा चालकाच्या पायाखाली पाहा. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याला पैसाही लागत नाही. आज संध्याकाळीच करा.