बोलका खांब

केशोरीच्या आमच्या घरात एक सागवानी खांब आहे. घरात तसे सहा खांब आहेत आणि सहाही एकाच सुताराने एकाच उन्हाळ्यात उभे केलेले. पण ओसरीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यातल्या या एकालाच काय तो मान. त्याच्यावर छातीइतक्या उंचीवर एक खिळा आहे, खिळ्याला वडिलांचा पानाचा बटवा लटकतो आणि त्या बटव्यात हल्ली पान-सुपारी नसून आईचा मोबाईल फोन असतो. बटवा खिळ्यावर आहे तोवर आमचे घर जगाशी जोडलेले आहे. कुणी भाबडेपणाने फोन काढून माजघरात नेला, की आतून दोनदा 'हॅलो, हॅलो' ऐकू येते आणि मग सुस्कारा: "टावर गेला!"

'टावर' हा आमच्याकडचा शब्द. शहरात लोक 'रेंज' म्हणतात, कचेऱ्यांतून 'नेटवर्क' म्हणतात. आमच्या झाडीपट्टीत मात्र टावर येतो, टावर जातो, टावर कधीकधी दिवसभर झोपतो. मराठीचा प्राध्यापक या नात्याने मला हा शब्द फार आवडतो. रेंज ही कुठेही नसलेली वस्तू आहे. टावर म्हटले की निदान कुणीतरी उंच माणूस आपल्या घरी यायला निघाला आहे आणि वाटेत खोळंबला आहे, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

केशोरी ज्यांना ठाऊक नसेल (आणि पुण्या-मुंबईच्या वाचकांना ती ठाऊक असावी असा माझा आग्रह नाही) त्यांच्यासाठी इतकेच सांगतो, की हे गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधी आम्ही भंडाऱ्याचे. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल, पलीकडे गडचिरोली जिल्हा. गोठणगावकडे गेले तर इटियाडोहाचे पाणी लागते आणि १९७२ पासून तिथे वसलेली तिबेटी माणसे भेटतात. गावाची कीर्ती मिरचीची. केशोरीची मिरची म्हटल्यावर नागपुरातही माणसे माझ्याकडे जरा आदराने पाहतात.

तर तो खांब. फोन बटव्यातून काढून कानाला लावला तरी टावर अर्धा होतो, पाठ फिरवली तर जातो. म्हणून फोन खिळ्यावरच ठेवायचा, त्याचा भोंगा पूर्ण मोठा करायचा आणि खांबासमोर उभे राहून त्याच्याशी बोलायचे, ही रीत पडली. परक्या माणसाला वाटावे, ही बाई खांबाशी भांडते आहे. समोरच्या घरची काकू, बाजूला विडी ओढत बसलेले मामा, अंगणात धान पाखडणाऱ्या बाया, सगळ्यांना दोन्ही बाजूंचे संभाषण ऐकू जाते आणि ते त्यात मोकळेपणाने भागही घेतात. मी नागपुरातून विचारावे, "माय, जेवलीस का?" आणि उत्तर काकूंनी द्यावे, "आत्ताच जेवली रे बाबू, वांग्याची भाजी होती." मला हे मोठे गोड वाटत असे. एकदा तर महाविद्यालयाच्या नियतकालिकात मी त्यावर एक लेखही लिहिला. शहरात माणसे बंद खोल्यांतून कुजबुजतात, खेड्यात मात्र अवघा मोहल्ला एका फोनवर बोलतो, असा त्याचा सूर होता. लेखाचे कौतुक झाले. आज तो लेख माझ्या हाती लागला तर मी तो बंबात घालीन.

आता आत टावर का येत नाही, याचा मी एकदा अभ्यासच केला. मे महिन्याची सुट्टी होती. पुतण्याने माझ्या फोनवर टावर मोजणारे एक ॲप बसवून दिले आणि मी फोन हातात धरून घरभर, पाणाड्याने नारळ धरावा तसा, फिरू लागलो. ते ॲप उणे आकड्यांत बोलते. खांबाशी उणे ९५, ओसरीच्या दारात उणे १०३, माजघरात उणे ११५. मला वाटले, वीसच तर कमी झाले. पुतण्या हसला. या हिशेबात दहा उतरले की शक्ती दहावा हिस्सा उरते. वीस उतरले म्हणजे शंभरावा. रुपयाचा एक पैसा! फोनच्या डोक्यावर दिसणाऱ्या काड्यांवर तर विश्वासच ठेवू नये. किती शक्तीला किती काड्या दाखवायच्या हे ज्याचे तो कारखानदार ठरवतो.

दोष कुणाचा म्हणाल तर थोडा आमच्याच वाडवडिलांचा. भिंती मातीच्या, हात-दीड हात जाड. उन्हाळ्यात आत गारवा असतो. पण जी भिंत ऊन अडवते तीच लहरीही पिऊन टाकते आणि पावसाळ्यात ओल धरली की अधिकच पिते. त्यात धाकट्या भावाने माकडांच्या त्रासाला कंटाळून कवेलू काढली आणि पत्रे घातले. पत्रा तर लहरींना उंबऱ्यावरूनच परत धाडतो. लहरींतही जाती आहेत: लांब लहरी भिंतीतून वाट काढतात, आखूड लहरींना ते जमत नाही, आणि आजचे भरघोस इंटरनेट वाहते ते बहुतेक आखूड लहरींवर. वडिलांच्या रेडिओचे बरे होते. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली. तिच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या. त्या आमच्या माजघरात काय, धानाच्या कोठीतही ऐकू येत. तरी वडील तिची तार याच खांबाला बांधत. खिळा तेव्हाचाच आहे.

मग पुतण्याने सुचवले, की टावर वाढवणारे यंत्र मिळते, दोन-चार हजारांत घरपोच येते. मी मागवणारच होतो; पण चौकशी केल्यावर कळले, की असले यंत्र परवान्यावाचून घरी ठेवणेसुद्धा बेकायदा आहे. कारणही पटण्यासारखे आहे. आपल्या घरात मोठ्याने ओरडणारे ते यंत्र खऱ्या टावरच्या कानातही ओरडते आणि आजूबाजूच्या पन्नास घरांचे बोलणे बिघडवते. एकेकाळी रेडिओलाही परवाना लागे आणि वडील तो टपाल कचेरीतून न चुकता नवा करून आणीत. त्यांच्या मुलाने बेकायदा टावर बसवावा, हे काही बरे दिसले नसते. मी बेत सोडला आणि खरे सांगायचे तर मला फारसे वाईटही वाटले नाही. खांब होताच.

दर रविवारी सकाळी नऊला मी फोन करी. "माय, कशी आहेस?" "बरं हाय बाबू. तुमचं सारं बरं हाय ना? पानी आला का तिकडं?" मग पावसाचे, धानाचे, कुणाच्या लग्नाचे. दहा मिनिटांत फोन संपे. अशी अकरा वर्षे गेली.

मी एम.ए.च्या वर्गाला साहित्यशास्त्र शिकवतो. आनंदवर्धनाने नवव्या शतकात सांगून ठेवले, की काव्याचा आत्मा ध्वनी. शब्द जे म्हणतात त्याच्या मागे जे उमटते ते खरे. वाच्यार्थ, लक्ष्यार्थ, व्यंग्यार्थ हे मी दरवर्षी उदाहरणांसकट समजावून देतो. २०२० साली महाविद्यालये बंद पडली तेव्हा हाच पाठ मी फोनवरून शिकवला, आणि गावोगावच्या ज्या पोरांचा आवाज तुटत होता त्यांना 'नीट बसा, लक्ष द्या' असे रागावलोही. ती पोरे कुणाच्या खांबाशी, कुणाच्या झाडावर बसून ऐकत होती, हे मला, खांबाच्या घरातल्या मुलाला, सुचले नाही.

गेल्या वर्षी भावाने घरात तारेचे इंटरनेट घेतले. पुतणीला परीक्षेचे अर्ज भरायचे होते आणि भावजयीला कुठल्याशा योजनेसाठी आधारचा तो सहा आकडी परवलीचा क्रमांक हवा होता. तो दहा मिनिटेच जिवंत असतो आणि आमच्या घरी पोचेपर्यंत मरून जाई. कोपऱ्यातल्या कोनाड्यात दिवा मिचकावणारी एक डबी बसली. मातीच्या भिंती तिच्याही लहरी पितातच, म्हणून मी ती ओसरीऐवजी मुद्दाम माजघरात बसवायला लावली. टावर नसला तरी या डबीवरून साधा फोन लागतो, ही सोय आपल्याकडे २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली. मला ती ठाऊक व्हायला इतकी वर्षे लागली. आईच्या जुन्या बटणांच्या फोनला ती सोय नव्हती. मी माझा एक वापरलेला फोन तिला दिला, त्यात ती कळ चालू केली आणि नागपूरला परतलो. वीज गेली की डबी मरते आणि आमच्याकडे वीज जातेच. पण ते असो.

फाल्गुनातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा झाले असतील. फोन वाजला. आईचे नाव पाहून माझ्या पोटात गोळा आला, कारण रात्री तिचा फोन कधी येत नसे. रात्री ओसरीचे दार लावलेले असते. मी "हॅलो" म्हटले. पलीकडून आवाज आला तो मला ओळखूच येईना. आई हळू बोलत होती. अकरा वर्षांत फोनवर मी तिचा हळू आवाज ऐकला नव्हता. खांबाशी ओरडणारी बाई तेवढी मला ठाऊक होती.

"झोपला होतास का बाबू?"

"नाही. काय झाले, माय?"

"काही नाई. सारे झोपले. मंग म्हनलं, बोलून पाहू आतून लागते का."

मग थोडा वेळ काही नाही. मला वाटले, टावर गेला. गेला नव्हता.

"डाव्या डोळ्यानं दिसत नाई रे मला."

केव्हापासून, असे मी विचारले. मागच्या दिवाळीच्या आधीपासून, ती म्हणाली. मला दिवाळीतली ती सकाळ आठवली. तिने किटलीतला चहा कपाच्या बाहेर बशीत ओतला होता, आम्ही सगळे हसलो होतो आणि तीही हसली होती.

"सांगतलं काऊन नाही, माय?"

"साऱ्या मोहल्ल्यासमोर का सांगू बाबू? लोक म्हनतील, दोन-दोन पोरं हायेत अन् म्हातारीचा डोळा गेला. तुझा भाऊ तिथंच बसून राहते. त्याचे धानाचे पैसे आले नव्हते. त्यानं आयकलं असतं तर बैल इकले असते."

तिसऱ्या दिवशी मी तिला नागपूरला आणले. डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला, नसा पाहिल्या आणि काचबिंदू असल्याचे सांगितले. मोतीबिंदूसारखा हा काढून टाकता येत नाही. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर आधी जाते आणि माणसाला कळेपर्यंत पुष्कळ गेलेले असते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी राखता येते. डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. उजव्यातही सुरुवात होती. पण तो वेळेवर सापडला, असे ते म्हणाले. 'वेळेवर' हा शब्द ऐकून आईने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

परतीच्या वाटेवर मी मनाशी जुने रविवार चाळू लागलो. "बरं हाय" हे दोन शब्द तिने किती वेळा उच्चारले असतील? त्यातले किती खरोखरीच बरे होते? एका रविवारी ती मधेच थांबली होती आणि "मिरची वाळू घातली हाय, कोंबड्या आल्या" म्हणाली होती. तेव्हा खरेच कोंबड्या आल्या होत्या का? पूर्वी गावात एस.टी.डी.चे दुकान होते. काचेचे एक खोके, आत उभे राहिले की घाम फुटे, बाहेर लाल आकडे पळत आणि मालक आपल्याकडे टक लावून बघे. पण त्या खोक्याला दार होते. वडील आजारी असताना आईने तिथूनच मला वसतिगृहावर फोन केला होता आणि त्या दाराआड ती रडलीही होती. नंतर फोन घरी आला. घरी आला म्हणजे ओसरीपर्यंत आला. तिथून आत यायला त्याला इतकी वर्षे लागली आणि मी त्या ओसरीवर लेख लिहीत बसलो.

भावाला मी सगळे सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने डबीसाठी बॅटरी आणली. वीज गेली तरी चार तास पुरते. रात्री नऊला भावजय आईच्या उजव्या डोळ्यात एक थेंब घालते आणि मग माजघरातून फोन येतो. हे बोलणे लांबते. त्यात भावाची तक्रार असते, क्वचित भावजयीची असते (ती शेजारी नाही याची खात्री करून), माझ्या वडिलांची तर पुष्कळच असते. त्यांना जाऊन चौदा वर्षे झाली. पण त्यांच्याविषयीचे असे काही मी आता ऐकतो आहे, जे खांबाला माहीत नाही.

खांब मात्र निवृत्त झालेला नाही. बटवा अजून खिळ्यावर आहे आणि आईचा जुना फोनही त्यात आहे. पुतणी बारावीला पहिल्या वर्गात आली ते आईने मला मुद्दाम खांबाशी उभे राहून, भोंगा लावून कळवले. मला ते पुतणीकडून आदल्या दिवशीच कळलेले होते, पण मी प्रथमच ऐकतो आहे असा मोठा आनंद केला. पलीकडून काकूंचाही आवाज आला, "पेढे पाठव रे बाबू!" यंदाच्या मंडईला कोणते नाटक आहे, तेही मला खांबावरूनच कळणार.

परवाच्या रविवारी सकाळी नऊला मी फोन लावला. मागे कोंबडा आरवला, कुणीतरी खाकरले, सूप वाजत होते. मी ओळखले.

"माय, कशी आहेस?"

"बरं हाय बाबू!" ती ओरडून म्हणाली.

"आत जाऊन लाव बरे पुन्हा," मी म्हटले.

ती जरा थांबली. "लावतो," म्हणाली आणि फोन बंद झाला. मी हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवले. दोन मिनिटांनी फोन वाजला.