डिझेलचं कार्ड, कोरं बिल आणि आमच्या काकांचा शब्द

आज जरा घरचीच गोष्ट लिहितोय. नावं लिहीत नाही. मालवणात राहणाऱ्यांना ओळखू येतील, पण कॉमेंटमध्ये उगाच लिहू नका.

माझ्या चुलतभावाचे मासळीचे तीन टेम्पो. दोन गोव्याला जातात, एक कोल्हापूरला. धंदा मूळ काकांचा. काका गेले आणि सगळं याच्याकडे आलं. गेल्या वर्षी कुडाळच्या हिशेबनीसाने याला सांगितलं, रोखीने डिझेल भरणं बंद कर, फ्लीट कार्ड घे. भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, एचपीचं ड्राइव्ह ट्रॅक प्लस, यातलं कुठलंही. पैसे आधी भरून ठेवायचे, प्रत्येक गाडीच्या नंबरावर एक कार्ड, पिन ड्रायव्हरकडे. रोजची मर्यादा मालकाने ठरवायची. डिझेल भरलं की मालकाच्या मोबाईलवर मेसेज. शिवाय एका दिवसात एकाच माणसाला दहा हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, ती भानगडही मिटते. (जीएसटीची वजावट मात्र मिळत नाही. पेट्रोल-डिझेल २०१७ पासून आजतागायत जीएसटीच्या बाहेरच आहे. कार्ड घेतलं म्हणजे टॅक्स परत मिळतो, असं काही जण सांगत फिरतात, ते चूक.)

तर कार्ड आलं. महिन्याभराने भाऊ माझ्याकडे कागद घेऊन आला. कोल्हापूरच्या फेरीला आधी बत्तीसशेच्या आसपास बिल यायचं, कार्डावर येतं अठ्ठावीसशे. "दहा वर्सा खाल्ल्यान रे ह्येना," तो म्हणाला. फेरीमागे चारशे, वर्षाला एवढ्या फेऱ्या, म्हणून दहा वर्षांत पाच लाख, असा हिशेब त्याने कागदाच्या मागे करूनच आणला होता. मी म्हटलं, अरे, दहा वर्षांपूर्वी डिझेल साठीच्या आसपास होतं, आजचा फरक तेव्हाच्या फेऱ्यांना कसा लावतोस? त्याला ते ऐकायचं नव्हतं. त्याने ड्रायव्हरला बंदरावर, चार लोकांसमोर, चोर म्हटलं होतं. ड्रायव्हर किल्ली ठेवून घरी गेला होता. मी पत्रकार, म्हणून मी "चौकशी" करावी असं भावाचं म्हणणं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे.

मी वार्ताहर म्हणून लागलो तेव्हा मानधन इतकं होतं की सांगायला लाज वाटावी. पेट्रोलचे पैसे मात्र बिल दिलं तर मिळायचे. मोबाईलचं रिचार्ज, झेरॉक्स, ओरोसला दिवसभर बसलं की जेवण, याचं बिल चालत नसे. मग काय करायचं? पंपावरचा ओळखीचा पोरगा दोन-चार कोरी बिलं द्यायचा, आकडा मी घालायचो. आठ लिटर भरलं तर बारा. त्यात पकडलो गेलो तेही सांगतो. १६ जून २०१७ पासून पेट्रोलचे दर रोज बदलायला लागले. त्याआधी पंधरवड्याने बदलायचे, त्यामुळे लिहायला सोपं होतं. जुलैत मी आपला एकच दर तीन बिलांवर लिहिला. मुख्य कार्यालयातून हिशेब विभागाच्या बाईंचा फोन आला, "तुमच्या मालवणात दर बदलत नाहीत का हो?" कानशिलं तापली. त्यांनी बिलं पास केली, पण त्यानंतर कोऱ्या बिलाला हात लावला नाही. मानधनही वाढलं नाही, ते वेगळं.

तर असा माणूस चौकशीला निघाला.

ड्रायव्हर अंगणात जाळं विणत बसला होता. भावासाठी मोटारसायकलवरून मी आलो हे कळल्यावर उठलाही नाही. मी सरळ विचारलं, चारशे रुपये कुठे गेले? तो म्हणाला, "भाऊ, डिझेल मी कधी इकूक नाय. हमालाक दीडशे, वाटेत बर्फ टाकूचो लागता त्येका शंभर, जेवाण, चाय, पार्किंगची पावती. ह्ये पैशे कोण देय होतो? तुमच्या काकांनीच सांगल्यानी, डिझेलात धर."

डिझेलात धर. काकांचा तो शब्दच होता. घराची कौलं परतली तरी ते सामान "डिझेलात" धरायचे. पगाराव्यतिरिक्त भत्ता असा प्रकार त्यांच्या वहीत कधीच नव्हता. त्यांना तो माहीत होता, ड्रायव्हरला माहीत होता, मुलाला कोणी सांगितलं नाही. आणि कार्डाला फक्त लिटर कळतात.

त्याने आणखी एक सांगितलं. कार्ड एकाच कंपनीच्या पंपावर चालतं. एकदा फोंडा घाट चढून गेल्यावर रात्री जो पंप उघडा होता तो दुसऱ्या कंपनीचा. गाडीत बांगडा, बर्फ वितळतोय. त्याने पदरचे पाचशे घातले. ते मागायला गेला तर भाऊ म्हणाला, कार्डावर दिसत नाही.

यात कार्डाचा दोष नाही, हे मी भावालाही सांगितलं. कार्ड चांगलंच आहे. चोरी होते, डिझेल विकणारे ड्रायव्हर आहेत, आपण सगळे जाणतो. पण आधी रस्त्यावरचा खर्च लिहून काढायला हवा होता, भत्ता ठरवायला हवा होता, मग कार्ड. आपल्याकडे उलटं होतं. बोटींच्या डिझेलवरचा कर सरकार आधी घेतं आणि परतावा मागाहून, सोसायट्यांनी किती निवेदनं द्यायची त्याला हिशेब नाही. तिथे आपण सगळे सरकारला शिव्या देतो. भाऊही देतो, त्याच्या सासऱ्यांची बोट आहे. आपल्याच ड्रायव्हरने पदरचे घालून थांबायचं, हे मात्र त्याला सहज वाटलं.

मी हे बोललो तेव्हा तो रागावला. "तू पण त्यातलोच," म्हणाला. कोऱ्या बिलांची गोष्ट मीच त्याला कधीतरी हसत सांगितली होती. मी गप्प बसलो.

चोर म्हटलं ते चार लोकांसमोर, तर परत बोलवायचं तेही चार लोकांसमोर, एवढंच ड्रायव्हरचं म्हणणं. भावाला ते जड जातंय. तीन आठवडे झाले, कोल्हापूरची गाडी तो स्वतः नेतो.

मंगळवारी पहाटे साडेचारला त्याचा फोन आला. मागे बाजाराचा गलका, क्रेट आपटल्याचे आवाज.

"अरे," म्हणाला, "हमालाक किती देवचे लागतत?"