खेजडीची कड

ताडाची काळी आकृती कुणालाही जमते. उत्तनला किंवा पालीला संध्याकाळी उभं राहा. समोर समुद्र, सरळसोट खोड, वर पानांचा गच्च झुपका. आकाशावर एक्स्पोजर लावलं की काम झालं. भाईंदरच्या मिठागरांकडेची तिवरंही फार त्रास देत नाहीत. परीक्षा घेते ती थरच्या वाळवंटातली खेजडी, म्हणजे आपली शमी. तिची पानं इतकी बारीक आणि डहाळ्या इतक्या नाजूक, की मागे सूर्य आला की प्रकाश त्या खाऊन टाकतो. खोड काळंभोर उरतं आणि जिच्यासाठी रात्र रेल्वेत घालवली, ती जाळीच नाहीशी होते.

काळ्या आकृतीच्या या रेखीव कडेचा नाद मला फार जुना आहे. लग्नांची कामं संपली की वांद्र्याहून सूर्यनगरी एक्स्प्रेस पकडायची आणि जोधपूर गाठायचं. तिथून उत्तरेला साठ-पासष्ट किलोमीटरवर ओसियां. सूर्य खोडाआड लपवावा, हा पहिला उपाय. पण सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं. फूटभर जाडीचं खोड त्याला झाकतं ते शंभर फुटांच्या आत उभं राहिलात तरच. त्याहून मागे गेलात की दोन्ही बाजूंनी उजेड गळतो. शिवाय दर दोन मिनिटांनी बिंब स्वतःच्या रुंदीइतकं सरकतं, म्हणजे वाळूत रुतलेला ट्रायपॉड उपटून पुन्हा रोवायचा. आणि शंभर फुटांवरून झाड चौकटभर होतं, मग वाळवंट कुठे दाखवायचं?

या खेपेला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून गेलो होतो, फक्त उजव्या डोळ्याचं. टेकडीवर उभा राहून एकेक डोळा मिटून पाहिलं. डाव्या डोळ्याला आकाश वरपासून खालपर्यंत मधाळ पिवळं. उजव्याला त्याच आकाशात नारंगीवर गुलाबी, गुलाबीवर जांभळा आणि माथ्यावर स्वच्छ निळा. पिकलेलं भिंग निळा उजेड अडवतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. मला हलवून सोडलं ते डहाळ्यांनी. उजव्या डोळ्याला एकेक काडी सुटी दिसत होती, आकाशावर टाकानं ओढल्यासारखी. माझ्या नारंगी फ्रेम्स भाईंदरच्या कितीतरी बैठकांच्या खोल्यांत लागल्या आहेत. पाहुण्यांनी त्यांच्यासमोर थांबावं, फोटो कुणाचा म्हणून विचारावं, हे मला आवडतं, अजूनही आवडतं. पण आता मला त्या काड्या हव्या आहेत.

त्या मिळतात सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत. तेव्हा डोळे दिपवणारं बिंब नसतं, नुसतं रंगलेलं आकाश असतं. पण शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर येतं आणि नेमकी तेव्हाच झुळूक सुटते. डहाळी हलली की कड गेली. बरोबरचा शिकाऊ मुलगा म्हणाला, "काका, आयएसओ वाढवा ना, नॉइज नंतर काढू." नॉइज काढणारं सॉफ्टवेअर आधी काडीच पुसतं, हे त्याला पडद्यावर मोठं करून दाखवलं. त्याला पटलं की नाही, कोण जाणे. आमचा मार्ग एकच, झुळुकी-झुळुकीमधला थांबलेला क्षण पकडायचा.

आता मोबाइल झाडाला काळं राहूच देत नाही. अनेक एक्स्पोजर एकत्र करून सावलीतलं खोडही उजळून टाकतो. वर आकाशच बदलून देणारी अ‍ॅप्स आहेत. असे फोटो स्पर्धांमध्ये बक्षिसं घेतात, याचा मला संताप येतो. ओसियांचं झाड आणि भलत्याच गावचे ढग, यात प्रवास कसला? क्षितिजावरच्या विजेच्या ताराही मी पुसत नाही. पश्चिम राजस्थानात सौर प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या जाताहेत, लोक त्याविरुद्ध आंदोलनं करताहेत. तारांना धडकून माळढोक मरतात. जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 साली हीच झाडं वाचवताना 363 बिश्नोई माणसांनी प्राण दिले. त्या मुलखाच्या फोटोत तार दिसायलाच हवी.

दाट धुळीने रंग खुलतात, असं ऐकून उन्हाळ्यात जाऊ नका. जाड धुळीत सूर्य क्षितिजाच्या आधीच फिक्कट होऊन विरतो. थंडीतही नको, तेव्हा चाऱ्यासाठी, ज्याला तिथे लूंग म्हणतात, खेजडी छाटतात आणि नुसते ठोंब उरतात. ऑक्टोबरात जा. पाला भरलेला असतो, पावसानंतरची हवा धुतलेली असते आणि वर विरळ ढग असले तर रंग शेवटपर्यंत टिकतो. सूर्य बुडाला की जीपवाला हाका मारील, उंट परतू लागतील. निघू नका. त्याला आधीच सांगून ठेवा की अजून अर्धा तास लागेल, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे त्याला वेगळे द्या.