माझी लॅपटॉप खरेदी

आमच्या मालेगावात सिनेमाचे वेड जुने आहे. नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण त्याच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो. मी मात्र सिनेमा काढत नाही. लग्नांचे व्हिडिओ जोडून देतो आणि उरलेल्या वेळात मोबाइलसाठी ॲप तयार करतो. यंत्रमाग कारखान्यातील मजुरांच्या मजुरीचा हिशेब ठेवणारे एक ॲप मी दोन वर्षांपासून करत होतो. अब्बा स्वतः माग चालवतात. त्यांच्या खिशातील चुरगळलेली हिशेबाची वही पाहूनच मला ते सुचले.

ही दोन्ही कामे एका जुन्या लॅपटॉपवर कशीबशी चालत. व्हिडिओ तयार होऊ लागला की त्याचा पंखा मागाशी स्पर्धा करी. बॅटरी जेमतेम वीस मिनिटे टिके. २०२४ च्या डिसेंबरात एका लग्नाचा व्हिडिओ तयार होत असताना वीज गेली. पाऊण काम झाले होते, ते सगळे वाया गेले. वीज आली ती पहाटे. सकाळी नवरीचे वडील पेनड्राइव्ह न्यायला आले, तेव्हा मी मान खाली घालून उभा होतो. ते काहीच बोलले नाहीत. ते गेल्यावर अब्बा म्हणाले, “बेटा, हत्यार बदल.”

माझ्याजवळ ६२ हजार रुपये जमले होते. कमी वीज खाणारा लॅपटॉप हवा, एवढेच मला ठाऊक होते. शोध घेताना ‘आर्म’ हे नाव पुन्हा पुन्हा समोर येऊ लागले.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे एकॉर्न नावाची संगणक कंपनी होती. तेथे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी थोड्या आणि सोप्या आज्ञांवर चालणारा प्रोसेसर रचला. १९८५ साली पहिली चिप हाती आली. ती किती वीज घेते हे मोजायला गेले, तर मापक शून्य दाखवी! पाहतात तो काय, चिपला वीज जोडलेलीच नव्हती. इतर तारांमधून जी किंचित वीज झिरपत होती, तेवढ्यावरच ती काम करत होती. ही हकीकत वाचली आणि मला ती चिप एकदम आवडून गेली. पुढे हीच घडण मोबाइलमध्ये गेली. आपल्या खिशातील मोबाइल बहुधा आर्मवरच चालतो.

पण लॅपटॉपची गोष्ट वेगळी. पुष्कळ सॉफ्टवेअर इंटेलच्या चिपसाठी लिहिलेले असते. आर्मची भाषा निराळी. म्हणून मध्ये दुभाषा लागतो. शाळेत मी मराठीचा धडा मनातल्या मनात उर्दूत आणून समजून घेत असे. अर्थ कळे, पण वेळ लागे. संगणकाचेही तसेच होते. तेव्हा माझ्या कामाचे सॉफ्टवेअर आर्मच्या भाषेत लिहिलेले आहे की नाही, हे आधी पाहायला हवे होते.

जून २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप येऊ लागले होते. बॅटरी चांगली, मेमरीही १६ जीबी. मी जवळजवळ तोच घेणार होतो. मात्र अँड्रॉइड स्टुडिओ हे ॲप बनवण्याचे सॉफ्टवेअर आर्मच्या विंडोजवर चालवण्याची सोय २०२४ मध्ये नव्हती. ज्यावर माझे अर्धे काम होणार नाही, तो घेऊन काय करू? ॲपलच्या एम मालिकेच्या चिपवर मात्र अँड्रॉइड स्टुडिओ आणि माझे व्हिडिओचे सॉफ्टवेअर दोन्ही दुभाष्याविना चालत. शिवाय आयफोनचे ॲप बनवायचे तर मॅकच लागतो.

नाशिकला मामूंच्या मुलाकडे ८ जीबीचा एम १ मॅकबुक एअर होता. मी माझे काम पेनड्राइव्हमध्ये घेऊन त्याच्याकडे गेलो. लग्नाचा व्हिडिओ झरझर झाला, कारण मोबाइलने काढलेले चित्रण उलगडायला चिपमध्ये वेगळा भागच असतो. पंख्याचा आवाज नाही. त्याला पंखाच नाही. मग मी ॲपचे काम आणि व्हिडिओ दोन्ही एकदम उघडले. आता मात्र तो अडखळू लागला. ओझे माझेच जास्त होते. मेमरी चिपलाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. दुकानदार म्हणत होता, “८ जीबी पुष्कळ झाली.” त्याला विकायचा होता, मला वापरायचा होता.

मार्च २०२५ मध्ये नवा एअर ९९,९०० रुपयांना निघाला आणि जुन्यांचे भाव उतरले. १६ जीबीचा एम २ एअर ८० हजारांना मिळत होता. म्हणजे १८ हजार कमी. तेव्हा रमजान होता. त्या महिन्यात आमच्याकडे लग्ने सहसा होत नाहीत, त्यामुळे कमाईही नव्हती. ईदनंतर मात्र लग्नांची घाई उडणार होती. मी ८ जीबीवरच भागवायचे ठरवत होतो.

इफ्तारनंतर अम्मींनी विचारले, “नंतर मेमरी वाढवता येणार नाही, खरे ना?”

“नाही, अम्मी.”

त्यांनी भिशीचे पैसे माझ्यासमोर ठेवले. ते पैसे शिलाई यंत्रासाठी होते, हे मला माहीत होते. “यंत्र सहा महिन्यांनी घेऊ. दर महिन्याला ३ हजार परत कर,” त्या म्हणाल्या. मी लिहून दिले. त्यांनी तो कागद खरोखरच जपून ठेवला!

लॅपटॉप आला. त्यातही उणे आहेच. साठवणीची जागा २५६ जीबी, ती चार लग्नांत भरते, म्हणून बाहेरची डिस्क लागते. फार वेळ सतत काम दिले की तो तापतो आणि वेग थोडा उतरतो.

ईदनंतरच्या पहिल्याच लग्नाचे काम चालू असताना पुन्हा वीज गेली. सारे माग एकदम थांबले. अब्बा टॉर्च घेऊन धावत आले. “बंद पडला का रे?”

“नाही, अब्बा.”

त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवून पाहिला. मग टॉर्च विझवली आणि पडद्याच्या उजेडात ते माझ्याजवळ बसून राहिले. व्हिडिओत नवरीची बिदाई चालली होती. नवरीचे वडील रडत होते. अब्बाही डोळे पुसत होते, पण मी तिकडे पाहिले नाही.