चालत्या होडीमागचा गळ

सोलापूरकराला पाणी म्हटलं की आधी नळाचा वार आठवतो. हे पाणी ज्या उजनीतून येतं, ते धरण आपल्यापैकी अनेकांनी पुण्याला जाताना एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेलं असतं. त्यात होडी घालून मासे धरणं हा आपला प्रांत नव्हे. कोकणातल्या पाहुण्यांनी सुरमईच्या गोष्टी सांगाव्यात आणि आपण बाजारातून चिलापी आणून सालन करावं, अशीच आमच्या घरची रीत.

आमचा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो, ईरी सरोवराच्या काठी. तिथे त्याला वॉलाय नावाच्या माशाचा नाद लागला. या माशाचे डोळे अंधारात मांजरासारखे चमकतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यामुळे त्याला अंधुक उजेडात चांगलं दिसतं, म्हणून तो सांजसकाळी आणि गढूळ पाण्यात शिकार करतो. त्याला धरायची पद्धत म्हणजे ट्रोलिंग : होडी अगदी हळू चालवायची आणि मागे गळ ओढत न्यायचा. मोबाईलवर लोकांना चिडवण्याचं नावही इथूनच आलं असं बरेच जण मानतात. आमच्या वर्गातली मुलं ऐकून फार हसली.

मे महिन्याच्या सुट्टीत तो आला तो अर्धी बॅग गळांनी भरूनच. आम्ही मास्तर लोक. नवीन गोष्ट दिसली की ती कशी चालते ते विचारल्याशिवाय राहवत नाही. त्याने जेवणाच्या दस्तरखानावरच शिकवणी घेतली. होडीचा वेग ताशी दीड ते चार किलोमीटर, म्हणजे आपल्या चालण्याहूनही कमी. गळाला प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा खोटा मासा लावतात. त्याच्या तोंडाशी जिभेसारखी पट्टी असते. ओढलं की ती पाणी कापते आणि खोटा मासा डुलत खाली बुडी मारतो. पट्टी मोठी तर बुडी खोल. काही जण फिरती चकचकीत पाती आणि मागे गांडूळ लावतात. दोरा किती सोडला हे मोजणारं रीळ असतं, कारण मासा लागला तर पुन्हा त्याच खोलीवर गळ नेता आला पाहिजे. होडीच्या दोन्ही बाजूंना तरंगत्या फळ्या सोडून दोरे त्यांना अडकवतात, म्हणजे गळ होडीच्या आवाजापासून लांबच्या पाण्यातून जातात आणि एकमेकांत गुंतत नाहीत.

आम्हाला सगळ्यात आवडलं ते वळणाचं गणित. होडी वळली की बाहेरच्या बाजूचा गळ वेगाने ओढला जातो आणि आतला मंदावतो. मासा बाहेरच्या गळाला लागला तर वेग थोडा वाढवायचा, आतल्याला लागला तर कमी करायचा. मैदानात मुलांची रांग वळवताना बाहेरच्या मुलाला पळावं लागतं, तेच हे. भूमितीच्या तासाला हे उदाहरण चालून जाईल.

उजनीवर जायचं ठरलं तेव्हा अम्मी एवढंच म्हणाल्या, "पानी से मजाक नक्को बेटा." त्यांना 2024 चा मे महिना आठवत होता. त्या वर्षी 21 मे रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागला म्हणून बाहेर कळलं. शौकाने पाण्यात गेलेले लोक नव्हते ते. या काठावरून त्या काठावर जायला निघाले होते. वळवाचे ढग दुपारनंतर जमतात आणि वारा सांगून येत नाही. भाचा म्हणाला, "नानी, मी मोठ्या सरोवरात जातो." अम्मी म्हणाल्या, "सरोवर मोठं असेल, वारा तोच."

तेव्हा दोन अटी ठरल्या. पहाटेच पाण्यात उतरायचं आणि अकराच्या आत काठाला लागायचं. आणि ज्याच्या अंगावर जाकीट नाही, तो होडीत बसणार नाही. काठावर गेल्यावर दिसलं की होडीवाल्या काकांकडे तीनच जाकिटं आहेत आणि आम्ही सहा जण. काका म्हणाले, पाणी शांत आहे, बसा सगळे. भाच्याचाही जीव खालीवर होत होता. आम्ही तिघा-तिघांच्या दोन फेऱ्या केल्या. काकांना स्वतःला मात्र चौथं जाकीट नव्हतं. ते हसून म्हणाले, "आमचं काय, जन्म पाण्यात गेला." हे ऐकून बरं वाटलं नाही, पण त्या सकाळी त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

जाकीट घेताना वजन बघायचं असतं, वय नव्हे. पट्टे आवळून खांद्यापाशी वर ओढून बघायचं. ते हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे. फुगवलेली टायरची ट्यूब म्हणजे जाकीट नव्हे, ती हातून निसटते. वारा उठला तर उभं राहायचं नाही, सगळ्यांनी एका बाजूला सरकायचं नाही, होडीचं नाक वाऱ्याकडे ठेवायचं. आणि मागे गळ सोडलेले असतील तर गुंता सोडवत बसायचं नाही, दोरा कापायचा. भाच्याने सुरी पट्ट्यालाच अडकवली होती. महागडे गळ पाण्यात सोडून द्यायची त्याची तयारी पाहून अम्मींचा राग निम्मा उतरला.

आता माशांचं. दोन फेऱ्यांत मिळून एक शिंगटा लागला, आणि खोटे मासे दोन गेले. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं, तेव्हा गावंच्या गावं पाण्याखाली गेली. मे महिन्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर दिसतं, आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे गळाच्या वाटेत येतात. पण खरं कारण काकांनी सांगितलं : इथे मुबलक आहे ती चिलापी, आणि ती शेवाळ खाते, चंदेरी खोट्या माशामागे कशाला धावेल? मरळ शिकारी आहे खरी, पण ती काठाच्या गवतात दबा धरून बसते, मोकळ्या पाण्यात फिरत नाही. ओहायोच्या माशाची पद्धत भीमेच्या माशाला कशी लागू पडणार? काकांची रीत साधी : असरनंतर जाळं टाकायचं, फजरच्या सुमाराला उचलायचं. वर बोया, खाली वजन, मधे उभी भिंत. माशाचं डोकं आसात शिरतं आणि कल्ले अडकतात. आस जेवढा, मासा तेवढा.

इथे भाच्याने एक चांगली गोष्ट सांगितली. ईरी सरोवरात ओहायोच्या हद्दीत 15 इंचांहून लहान वॉलाय ठेवता येत नाही, आणि माणशी दिवसाला सहाच. काका मान हलवत राहिले. बारीक आसाची जाळी टाकून बोटाएवढी पिल्लं उपसणाऱ्यांवर त्यांचा राग आहे. चिलापीची मादी पिल्लं तोंडात सांभाळते. ती नीट वाढायच्या आत जाळ्यात आली तर पुढच्या साली काय मिळणार? आम्ही त्या दिवसापासून बाजारात बारीक चिलापीचा ढीग स्वस्त दिसला तरी घेत नाही.

मोठा मासा धरून, फोटो काढून परत सोडायची तिथली हौस मात्र आम्हाला पटली नाही. खायचा नसेल तर त्या जिवाच्या तोंडात गळ कशाला? भाचा यावर बराच वाद घालून गेला.

काठाला एक मासा पोट वर करून तरंगत होता. धाकट्याने उचलू का विचारलं. अम्मी म्हणाल्या, आपण हनफी. आपोआप मरून वर आलेला मासा खात नाही, जाळ्यात मेलेला चालतो. आमच्या शाफई व्याह्यांकडे वेगळं आहे, हेही त्याला सांगितलं.

निघताना भाच्याने काकांना आपलं एक रीळ भेट द्यायला काढलं. काकांनी ते फिरवून पाहिलं, परत दिलं आणि विचारलं, "पोरासाठी जाकीट मिळंल का?" त्यांचा मुलगा सुट्टीत जाळं उचलायला रोज होडीत असतो. आम्ही त्याला गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर उभं केलं. चोवीस किलो भरला. त्या वजनाचं एक मुलाचं आणि एक मोठ्या माणसाचं, अशी दोन जाकिटं भाच्याने त्याच संध्याकाळी मागवली. मोठं कोणासाठी, ते काकांना आम्ही सांगितलं नाही.