शनिवार ते शनिवार

भाड्याच्या घराच्या जाहिरातीत पहिला फोटो घराचा नसतो, समुद्राचा असतो. दुसरा गच्चीतल्या टेबलाचा, त्यावर द्राक्षांचा घोस आणि दोन पेले. स्वयंपाकघर येतं नवव्या-दहाव्या फोटोत, तेही अशा कोनातून की ओटा लांबच लांब दिसावा. न्हाणीघरातला फक्त आरसा दिसतो. दादा-वहिनी हानोव्हरला, मी आणि आई पुण्याला. त्या हिवाळ्यात रविवार संध्याकाळ व्हिडिओ कॉलवर ही घरं बघण्यात जायची. मुलांना पोहण्याचा तलाव हवा होता, वहिनीला कपडे धुण्याचं यंत्र, दादाला गाडी लावायला सावली. आईचा प्रश्न प्रत्येक घराला एकच असायचा, "गॅस आहे की ते काचेचं?"

हॉटेल नकोच होतं. तीन पिढ्या एकत्र हिंडायला निघाल्या की हॉटेलात त्यांच्या तीन खोल्या होतात, आणि न्याहारीच्या टेबलापलीकडे कुणी कुणाला भेटत नाही. घर घेतलं की भांडणासकट सगळं एका छपराखाली येतं. कुणी पसारा करतो, कुणी आवरतो, दुपारी कुणी पेंगतं, आणि ओल्या टॉवेलांवरून रोज तेच बोलणं होतं. सुट्टी म्हणतात ती मला यातच वाटते.

बेट ठरलं मेनोर्का. स्पेनच्या बालेआरिक बेटांतलं हे शेजारच्या मायोर्कापेक्षा धाकटं आणि शांत: सुमारे ७०० चौरस किलोमीटर, लाखभर वस्ती, पूर्वेच्या माओन बंदरापासून पश्चिमेच्या सिउतादेयापर्यंत ४५ किलोमीटरचा एक मुख्य रस्ता. १९९३ साली युनेस्कोनं अख्ख्या बेटाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, त्यामुळे किनाऱ्याचे लांबच लांब पट्टे अजून बिनइमारतीचे आहेत. आमचं घर दक्षिणेला, सोन बोउच्या पुळणीवरच्या चढावर. जाहिरातीत लिहिलं होतं, समुद्र ३०० मीटर. ते घारीच्या हिशेबानं असावं. माणसाच्या पायांना जाताना दहा मिनिटं लागायची, आणि येताना भर उन्हात, चढावर, रबरी बदक काखेत घेऊन किती लागायची हे आईला विचारू नये.

समुद्राकाठी राहायला जाणं ही या बेटावर तशी अलीकडची हौस आहे. जुनी गावं पाहा: अलायोर, फेरेरिएस, एस मेर्कादाल, सगळी आत, पाण्यापासून अंग चोरून बसलेली. किनाऱ्यावरून येत ते लुटारू. १५३५ मध्ये तुर्की आरमाराच्या बार्बारोसानं माओन लुटलं. १५५८ मध्ये तुर्कांच्या आरमारानं सिउतादेया उद्ध्वस्त करून माणसं गुलाम म्हणून कॉन्स्टँटिनोपलला नेली. बेटाला वळसा घालणारी कामी दे कावाल्स ही १८५ किलोमीटरची पायवाट आज हौशी लोक चालतात. ती घोडेस्वारांनी किनाऱ्यावर पहारा करावा म्हणून होती. ज्या वाळूकडे पाठ करून लोक शतकानुशतकं जगले, तिच्याकडे तोंड असलेल्या खिडकीचं भाडं आज सगळ्यात जास्त.

घर घेताना दादानं मात्र समुद्राआधी एक क्रमांक शोधला. या बेटांवर पर्यटकांना घर भाड्यानं द्यायचं तर परवाना लागतो आणि जाहिरातीत त्याचा क्रमांक छापावा लागतो. क्रमांक नसेल तर घर कितीही देखणं असो, पुढे जायचं. मायोर्कातल्या पाल्मा शहरानं २०१८ मध्ये रहिवासी इमारतींतले फ्लॅट पर्यटकांना द्यायला सरळ बंदीच घातली. शिवाय मुक्कामाचा कर: राहण्याच्या सोयीप्रमाणे उन्हाळ्यात माणशी रात्रीला एक ते चार युरो, सोळा वर्षांखालच्यांना माफ. आणि प्रत्येकाच्या पासपोर्टची माहिती यजमानानं पोलिसांकडे पाठवायची, हा तिथला जुना रिवाज. डिसेंबर २०२४ पासून ती माहिती आणखीच सविस्तर मागतात. आईला हे सगळं अगदी रास्त वाटलं. "उद्या कोण येऊन राहील, कळायला नको?"

आईच्या या बोलण्यामागे मालवणची मावशी होती. मावशी तारकर्लीजवळ आपल्या घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. दारावर 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी आहे. आलेला पाहुणा वाळूचे पाय घेऊन सरळ गादीवर बसतो, मोरीत वाळू तुंबवतो, पंखा चालू ठेवून दिवसभर किल्ल्यावर जातो, हे सगळं आईनं बहिणीकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं. त्यामुळे मेनोर्कात आई पाहुणी म्हणून कमी आणि मावशीची प्रतिनिधी म्हणून जास्त वावरली. फ्रिजवर नियमांचा कागद चिकटवलेला होता: वाळू दाराबाहेर झटका, बाहेर जाताना एसी बंद करा, दुपारी दोन ते पाच गोंगाट नको, पाणी जपून वापरा. मी वाचून दाखवला. आईनं मान डोलावली आणि त्याच मिनिटाला दाराशी बादली ठेवली. तिच्यात पाय बुडवल्याशिवाय घरात कुणाचा प्रवेश नाही, हा नियम शेवटपर्यंत टिकला.

पाण्याचं कलम उगाच नव्हतं. मेनोर्काला नावाजण्यासारखी नदी नाही. पाऊस शरदात पडतो, उन्हाळा कोरडा. जुन्या घरांची छपरंसुद्धा चुन्यानं पांढरी केलेली, पन्हळी पांढऱ्या, आणि सगळं पाणी पोटातल्या टाक्यात उतरवलेलं. पुळणीमागच्या टेकडीवर तोरे देन गालमेस हे प्रागैतिहासिक गाव आहे. मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले बुरूज, आणि त्यांच्यापेक्षा मला आवडलेली गोष्ट, पावसाचं पाणी साठवायला खडकात कोरलेल्या टाक्या. (आमच्या सह्याद्रीतल्या लेण्यांशेजारी असतात तशाच, त्या पाहून आई पहिल्यांदा म्हणाली, हे बरंय.) तिथेच १९७४ मध्ये इजिप्तच्या इम्होतेपची कांस्याची छोटी मूर्ती सापडली. कुठल्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून ती इथवर आली असेल, यावर दादानं आणि मी संध्याकाळभर वाद घातला. २०२३ मध्ये मेनोर्कातली अशी ठिकाणं जागतिक वारसा झाली, पण सोन बोउला उतरलेल्या शंभरातल्या फार थोड्यांचे पाय तो चढ चढतात.

स्वयंपाकघरात केशरी सिलेंडर निघाला. आईचा चेहरा उजळला. बाकी सामान परक्या संसाराचं: कॉफीचं अष्टकोनी भांडं, दातेरी सुऱ्या, दोन कानांची रुंद उथळ पायेयाची परात, आणि काटे इतके की लग्न निघावं. पोळपाट नाही, लाटणं नाही, झारा म्हणून एक लाकडी पळी. आधीच्या बिऱ्हाडानं अर्धं मीठ, बाटलीच्या तळाशी तेल आणि कपड्यांची पावडर ठेवली होती. पायेयाच्या परातीत आईनं थालीपीठ लावलं. पातळ पोलादाला आच झरझर पोचते, थालीपीठ कडेनं करपलं, मधे कच्चं राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं आच बारीक करून, परात फिरवत फिरवत त्याला वठणीवर आणलं. एकदा परक्या शेगडीचा स्वभाव कळला की घर आपलं वाटायला लागतं. खिडकीतून दिसणाऱ्या निळाईनं ते काम तेवढं केलं नाही.

माओनची मंडई जुन्या कार्मेलाइट मठाच्या ओवऱ्यांत भरते आणि मासळीबाजार शेजारीच, वेगळा. आई तिथे रमली. माकूल ओळखीचं. शिनाणे माओनच्या बंदरातच वाढवलेले. मासे ओळखायला भाषा लागली नाही: कल्ले वर करून बघणं, बोटानं दाबून बघणं आणि भाव ऐकून तोंड वाकडं करणं हे विकणाऱ्या बाईलाही समजत होतं. फोर्नेल्सचं शेवंडाचं कालवण फार प्रसिद्ध आहे. किंमत पाहून आम्ही ती प्रसिद्धी लांबूनच मान्य केली. रात्री आगळ घातलेलं शिनाण्यांचं सुकं झालं.

आणि समुद्र. आईचा पहिला प्रश्न होता, भरती कितीला? मालवणच्या माणसाला समुद्राची वेळ विचारायची सवय असते. तिथे पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं, किनारा दिवसातून दोनदा रुंद होतो आणि दोनदा अरुंद. इथे भरती-ओहोटी जवळपास नाहीच, वीतभर म्हणा. सकाळी ठेवलेली चप्पल संध्याकाळी तिथेच. आईला ते पटेना. तिनं वाळूत काठी रोवली आणि छत्रीखाली बसून तिच्यावर नजर ठेवली. भूमध्य समुद्र महासागराला जोडला आहे तो जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीनं. बाहेरची भरती आत शिरायला वाट पुरत नाही आणि आतली तयार होते ती अगदी किरकोळ. पाणी नितळ कारण त्यात खाणं कमी. आमचा कोकणचा गढूळ समुद्र गाळानं आणि जीवांनी भरलेला, म्हणून बांगड्यांचे थवेच्या थवे. इथला निळा रंग हा उपासाचा रंग आहे. आईनं हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तरीच भाव तसे.

पण याच संथ समुद्राला सिउतादेयाच्या बंदरात एक झटका येतो. रिसागा म्हणतात त्याला. हवेच्या दाबात वरच्यावर बारीक हेलकावे आले आणि समुद्रावरून ठराविक वेगानं सरकले की पाण्यात लांब लाटा उठतात, आणि त्या अरुंद, लांबट बंदरात दर दहा-अकरा मिनिटांनी पाणी वर-खाली डुचमळू लागतं. १५ जून २००६ रोजी तिथलं पाणी एकाएकी सुमारे चार मीटर उतरलं. बांधलेल्या नावा तळाला टेकल्या, पाणी परत आल्यावर एकमेकींवर आदळल्या. वादळ नव्हतं, भूकंप नव्हता.

तिथले लोक पुळण निवडतात ती वाऱ्यावरून. उत्तरेचा त्रामुंताना सुटला की दक्षिणेला जायचं, दक्षिणवारा सुटला की उत्तरेला. उत्तर किनारा वेगळ्याच खडकाचा, कावायेरियाची वाळू तांबूस. दक्षिणेचा चुनखडीचा, वाळू पांढरी. दक्षिणवाऱ्याच्या दिवशी सोन बोउवर लाल निशाण लागलं. शेजारच्या बिऱ्हाडातल्या एका गृहस्थांनी रिसेप्शन नसल्याचा त्रागा केला. तक्रार कुणाकडे करायची हेच त्यांना कळेना. वारा बदलून मिळत नाही, एवढं तरी हॉटेलात कुणी सांगितलं असतं.

तक्रारीचा दुसरा विषय किनाऱ्यावरचा 'कचरा'. पाण्याच्या कडेला तपकिरी, फितींसारख्या पानांचे ढीग. तो पोसिडोनिया. शेवाळ नव्हे, मुळं, फुलं, फळं असलेली वनस्पती, समुद्रतळावर गवतासारखी वाढणारी आणि फक्त भूमध्य समुद्रातच सापडणारी. इबीसा आणि फॉर्मेन्तेरा या बेटांच्या मधल्या पाण्यात तिचं एक रोप कित्येक किलोमीटर पसरलेलं आहे, वय हजारो वर्षांचं. तिचं कुरण लाटेचा जोर मोडतं, पाणी गाळतं. तिच्यात राहणाऱ्या जीवांच्या कवचांचा चुरा होऊन ही पांढरी वाळू बनते. आणि शरदात गळलेली पानं किनाऱ्यावर थापली गेली की हिवाळी लाटा वाळू ओढून नेऊ शकत नाहीत. २०१८ पासून इथे कायद्यानं तिला संरक्षण आहे, तिच्यावर नांगर टाकायला बंदी. पण जाहिरातीतल्या पहिल्या फोटोत एक पानसुद्धा नव्हतं. पाहुण्यांना स्वच्छ वाळू हवी, म्हणून हंगामाआधी बऱ्याच पुळणींवरून हे ढीग उचलतात. ज्याच्यामुळे पुळण आहे तेच पुळणीवर नको. मुलांनी मात्र पानांच्या तंतूंचे लाटांनी वळलेले लाडू गोळा केले आणि आईच्या त्या बादलीत भरले.

शनिवारी सकाळी दहाला घर रिकामं करायचं, दुपारी चारला पुढची मंडळी येणार. या सहा तासांत सबंध वस्तीत चादरी उडत असतात. आमच्या घराची सफाई करणाऱ्या बाई साडेनऊलाच आल्या. आईनं चादरी काढून घडी घातल्या होत्या, मोरी घासली होती. बाईंना ते बघून संशयच आला असावा. वहिनीला स्पॅनिश येतं, म्हणून कळलं: बाई राहायच्या अलायोरला, भाड्यानं, आणि मे अखेर घर सोडायला लागलं म्हणून आता बहिणीकडे. असे करार इथे सर्रास होतात: ऑक्टोबर ते मे शिक्षकाला, नर्सला, सफाईवाल्या बाईला, जून उजाडला की घर पर्यटकांचं. बालेआरिक बेटांची वस्ती बारा लाखांच्या घरात, आणि एकट्या २०२३ मध्ये पर्यटक आले पावणेदोन कोटींहून अधिक. २०२४ च्या उन्हाळ्यात पाल्माच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले, ते घरांसाठीही. आमचा परवाना क्रमांक चोख होता, कर भरलेला होता, बादलीत पाय बुडवलेले होते. त्यातल्या कशानंही त्या बाईंना खोली मिळत नव्हती.

गाडीत दादा म्हणाला, पुढच्या वेळी जूनऐवजी ऑक्टोबर. वहिनी म्हणाली, ऑक्टोबरात आपण घेतलं तर तेच घर शिक्षकाचं जाईल. मग गावातलं छोटं हॉटेल बरं, असं मी म्हटल्यावर मुलांनी हरकत घेतली. विमानतळावर मावशीचा फोन आला. तिला सगळं सविस्तर हवं होतं: खोल्या किती, भाडं काय, चादरी रोज बदलतात का, आणि जेवणात काय देतात. आईनं सांगितलं, जेवण नाही, आपलं आपण करायचं.

मावशी क्षणभर थांबली. "जेवाण नाय? मगे पैसे कित्याक?"