माझगावचे चिनी देऊळ

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्हांस मुंबईस जाण्याचा योग आला. आदिलाबादेस नंदिग्राम एक्सप्रेस धरावी आणि मुंबईस उतरावे, हा आम्हां आदिलाबादकरांचा ठरलेला मार्ग. "मामा, राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, सारे पाहून झाले, आता काय दाखवू?" असे भाच्याने विचारले. परमुलखातून येऊन येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या एखाद्या समाजाचे संग्रहालय असेल तर ने, असे आम्ही म्हणालो. तसे संग्रहालय काही त्याला ठाऊक नव्हते. तेव्हा त्याने आम्हांस हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरवले आणि नवाब टँक रस्त्यावरील चिनी देवळाकडे नेले.

देऊळ म्हणजे लाल रंगाने नटलेले एक लहानसे दुमजली घर. शेजारून दोनदा गेलो तरी आमच्या लक्षात आले नाही! 'सी यूप कून' हे त्याचे नाव. दक्षिण चीनमधील कँटन प्रांतातील चार परगण्यांना मिळून सी यूप म्हणतात. तेथून गोदीत कामास आलेल्या खलाशांनी 1919 साली हे देऊळ उभारले. घर सोडून आलेल्या माणसाला परक्या बंदरात प्रथम काय लागते? आपल्या बोलीत बोलणारा माणूस आणि आपला देव. येथे दोन्हींची सोय होती.

वरच्या मजल्यावर क्वान कुंग. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा हा सेनापती दिलेल्या शब्दाला जागला, म्हणून देवपदाला पोहोचला. तळमजल्यावर करुणेची देवी क्वान यिन. तिच्यापुढे मात्र आम्ही बराच वेळ उभे राहिलो. कारण ही देवी मुळात आपल्याकडचीच! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेतलेला पद्मपाणी वाचकांनी पाहिला असेल. तोच अवलोकितेश्वर बौद्ध धर्माबरोबर चीनला गेला, काही शतकांत तेथे स्त्रीरूप पावला आणि खलाशांच्या गाठोड्यातून परत महाराष्ट्रात आला. एवढ्या लांबच्या प्रवासात रूप पालटले; करुणा तेवढी तशीच राहिली.

दर्शनाला आलेल्या एक वृद्ध चिनी बाई उदबत्ती लावीत होत्या. "बसा की," असे त्यांनी स्वच्छ मराठीत म्हटले, तेव्हा आम्ही चकित झालो. जन्म मुंबईचा, शेजार कोळ्यांचा. 1962 च्या युद्धाचा विषय आम्हीच काढला. काढावयास नको होता. त्या वर्षी सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, बहुतेक आसाम-बंगालमधल्या, राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवले होते. काहींची सुटका व्हावयास 1967 उजाडले. बाई एवढेच म्हणाल्या, "तेव्हा वडील आम्हांला बाहेर चिनी बोलू देत नसत." पुढे पुष्कळ कुटुंबे कॅनडा, ऑस्ट्रेलियास निघून गेली.

मग त्यांनी विचारले, "तुम्ही कुठले?"

"आदिलाबादचे."

"म्हणजे तेलुगू?"

आता काय सांगावे? 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली. किनवट, राजुरा तालुके मुंबई राज्यात गेले आणि आमच्या आजोबांचे घर जागच्या जागी राहून आंध्र प्रदेशात गेले. 2014 पासून ते तेलंगणात आहे. एवढे सारे सांगून झाल्यावर बाई हसल्या. "म्हणजे तुम्ही न हलताच बाहेरगावचे झालात!"

येथे काड्यांचा डबा हालवून भविष्य पाहतात. बाहेर पडेल त्या काडीवरच्या अंकाची चिठ्ठी घ्यावयाची. आम्हीही गंमत म्हणून एक काडी पाडली. चिठ्ठी चिनी लिपीत होती. बाईंनी ती उलटसुलट करून आमच्या हाती परत दिली. "अंक कळतो मला. अक्षरं नाही येत. माझे वडील वाचायचे."

आम्ही मराठी शाळेचे मुख्याध्यापक, आणि आमची स्वतःची कन्या इंग्रजी माध्यमात शिकली. आजोबांची पत्रे पेटीत आहेत. तिला ती आम्हीच वाचून दाखवतो. हे आम्ही त्या बाईंना सांगितले नाही.

चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. घरी आल्यावर ती आजोबांच्या पत्रांच्या पेटीत टाकली आहे.